ऑपरेशन झालेली मांजर

मला मांजरं आवडत नाहीत. आधीही आवडत नव्हती, नंतरही आवडली नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण ही हकीकत ऐकून लोक म्हणतात, तुमचा फार जीव असेल हो तिच्यावर. नव्हता. तिचाही माझ्यावर नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नर्स होते. सरकारी कागदावर आरोग्यसेविका, गावाच्या तोंडी सिस्टर. नवरा मुरबाडला नोकरीला, मुलगी शाळेत, ती सासूबाईंजवळ. माझी बदली झाली शहापूर तालुक्यात, खर्डीपासून आत एका गावाच्या उपकेंद्रावर. पुढे दवाखान्याची एक खोली आणि पडवी, मागे माझ्या राहण्याच्या दोन खोल्या, समोर हातपंप आणि त्यापलीकडे कापून झालेली भातखाचरं. महिन्यातून दोनदा घरी जायला मिळे. बदली मी मागितली नव्हती, आणि गावानंही मला मागितलं नव्हतं.

माझ्या आधीच्या सिस्टर तिथे बरीच वर्षं होत्या. वयानं मोठ्या, गोऱ्या, ठसठशीत कुंकू लावणाऱ्या, बोलायला गोड. त्यांची बदली नेमकी मुरबाडला झाली होती, जिथे मला जायचं होतं. ती कशी झाली हे मी विचारलं नाही. त्यांनी मला किल्ल्या दिल्या, लशीचा डबा दाखवला, वजनकाटा दाखवला, आणि मग तांदळाच्या गोणीवर बसलेल्या मांजरीकडे बोट केलं. करड्या रंगाची, एका कानाचा तुकडा गेलेली.

"ही पण चार्जमध्येच," त्या हसून म्हणाल्या.

"मला मांजर नको," मी म्हटलं.

"अगं, इथले उंदीर बघितलेस का? कापसाचे गठ्ठे कुरतडतात. पावसाळ्यात उंदरांमागून साप येतात. ही आहे म्हणून मी इतकी वर्षं झोपू शकले."

"आणि पिल्लं झाली म्हणजे? मी दवाखाना बघू की पिल्लं?"

"पिल्लं व्हायचीच नाहीत. हिचं ऑपरेशन झालंय. माझ्या भावानं कल्याणला नेऊन करून आणलं."

"नक्की?"

"मी कशाला खोटं सांगू तुला?"

मांजरीनं तेवढ्यात माझ्याकडे बघून दात दाखवले. मी तिला ठेवून घेतलं, ते उंदरांसाठी आणि त्या एका वाक्यासाठी. ऑपरेशन झालेलं नसतं तर तिला त्याच दिवशी गोणीत घालून त्यांच्याबरोबर पाठवलं असतं.

गावानं माझं स्वागत कसं केलं तेही सांगायला हवं. पहिल्या आठवड्यात मी घरोघर फिरायला निघाले तेव्हा खालच्या आळीत लोक बोलले, चहा दिला. वरच्या आळीत मात्र दारं लोटलेली. एका अंगणात एक बाई भात पाखडत होती. पन्नाशीची, काटक. मी ओळख सांगितली तर ती सुपावरून मान वर न करता म्हणाली, "आमच्याकडं काय काम नाय तुमचा. जा तुमी."

"घरात लहान मूल आहे ना, मावशी? त्याची लस राहिलीय."

"तुमची लस पन नको नि तुमचा ऑपरेशन पन नको. झाला तेवढा पुरे झाला."

दवाखाना झाडायला येणाऱ्या बाईनं मला त्याचा उलगडा केला. त्या घरच्या सुनेला दोन मुलं होती. डिसेंबरात तालुक्याला कुटुंबनियोजनाचं शिबिर झालं, त्यात जुन्या सिस्टरनी तिला नेलं आणि तिचं ऑपरेशन झालं. आणि आता तिची पाळी येईना. पोट वर यायला लागलं होतं. ऑपरेशन फेल जातं हे कधीमधी होतं, ते मला नवीन नव्हतं. पण इथं गोष्ट वेगळ्याच वळणावर गेली होती. नवरा दिवाळी झाल्यावर रस्त्याच्या कामावर नाशिककडे गेला तो अजून आला नव्हता. सासूचा हिशेब सरळ होता. शिबिराच्या वेळी सून पोटुशी असती तर डॉक्टरनं कापलंच नसतं. म्हणजे मूल शिबिरानंतरचं. आणि शिबिरानंतर तिचा मुलगा घरी नव्हता.

सून घराबाहेर दिसत नसे. पाण्याला सासू येई. सुनेला माहेरी हाकललं नव्हतं एवढंच. मुलगा शिमग्याला आला की काय ते ठरणार होतं.

मी दोनदा त्या घरी गेले, मला एकदाही उंबरा ओलांडू दिला नाही. "आली बघा नळ्या कापणारी," असं मागून ऐकू यायचं. मीही काही फार गोड नव्हते. दुसऱ्यांदा परत येताना मी त्या आळीला मनातल्या मनात बरंच काही बोलले. दुसरीनं करून ठेवलेलं निस्तरायला मी आले होते आणि शिव्या मला मिळत होत्या.

क्वार्टरमध्ये परत आलं की ही मांजर. तिनं उंदीर मारले हे खरं. मारून माझ्या अंथरुणावर आणून ठेवायची. मी हात पुढे केला की ओरखडा. दूध दिलं तर प्यायची आणि बशी संपली की माझ्याकडे पाठ करून बसायची. आम्ही दोघी एका छपराखाली राहत होतो आणि एकमेकींना सहन करत होतो.

थंडी ओसरायला लागली तशी ती ओरडायला लागली. साधं ओरडणं नव्हे. जमिनीला पोट घासून, मागचा भाग वर करून, गळ्यातून एक घोगरा, लांबलचक आवाज. दवाखान्यात बायका बसलेल्या असताना ती दारात तसं करायची. कुठून कुठून बोके यायला लागले. पडवीत, कौलांवर, हातपंपापाशी. झाडायला येणारी बाई हसली. मी तिला म्हटलं, "ऑपरेशन झालंय तिचं. पोटात काही दुखत असेल." ती झाडू मारत राहिली. मी मांजरीला दूध बंद करून बघितलं, जंताचं औषध भाकरीत घालून दिलं. तिनं भाकरी चाटली आणि औषध बाजूला काढलं. काही दिवसांनी ओरडणं आपोआप थांबलं. मी म्हटलं, औषध थोडं तरी पोटात गेलं असणार.

नंतर ती जाड झाली. मला वाटलं, उंदीर जास्त झाले. एके दिवशी दुपारी ती पडवीतल्या उन्हात आडवी पडली होती आणि मी तिच्या बाजूला बसून टोचणीच्या सुया उकळायला लावत होते. सहज लक्ष गेलं तर तिची स्तनाग्रं गुलाबी आणि टपोरी झालेली. हे मी बायकांमध्ये किती वेळा बघितलं होतं. मी हात धुतले. का धुतले कुणास ठाऊक, सवय. मग तिला मानेशी धरून आडवी दाबली आणि तिच्या पोटावरून बोटं फिरवली.

ती गुरगुरली, मनगटावर नख मारलं, पण मी सोडलं नाही. पोटात ओळीनं गाठी लागत होत्या. रिठ्याएवढ्या, सुटसुटीत, बोटाखालून सरकणाऱ्या. मी पोटावरचे केस उलटे फिरवून बघितलं, मध्यरेषेवर, मग दोन्ही कुशींना. टाक्याची खूण कुठेच नाही. माझ्या बोटांना टाके ओळखता येतात, ते माझं कामच होतं. त्या मांजरीच्या पोटाला आजवर कुणी सुरी लावलेली नव्हती.

मी तिला सोडलं. ती दोन हात लांब जाऊन अंग चाटत बसली. मला इतका राग आला की सुयांचं भांडं तसंच स्टोव्हवर राहिलं आणि पाणी आटलं.

झाडायला येणाऱ्या बाईला मी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, तिला डोळे होते. दोन दिवसांत गावभर झालं. लसीकरणाच्या दिवशी पडवी बायकामुलांनी भरलेली होती आणि वरच्या आळीतली ती सासू समोर पंपावर हंडा भरत होती. हंडा भरला तरी ती गेली नाही. कमरेवर हात ठेवून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सिस्टर, तुमच्या मांजरीचा पन ऑपरेशन फेल गेला काय?"

पडवी हसली. खालच्या आळीतल्या ज्या बायका मला चहा द्यायच्या त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या हातात एका पोराचा दंड होता. मी सुई दिली, कापूस दाबला आणि म्हटलं, "फेल नाही गेलं. झालंच नव्हतं."

"मंग आमच्या सुनेचा तरी झाला काय?"

मी पुढच्या पोराला बोलावलं. सासू हंडा डोक्यावर घेऊन निघून गेली.

होळीच्या आधी मला घरी जायला रजा मिळाली. शहापूरहून मुरबाडची एसटी पकडली आणि घरी न जाता आधी जुन्या सिस्टरच्या दवाखान्यावर गेले. दुपारची वेळ, रुग्ण संपले होते. त्या टेबलाशी डबा खात होत्या. मला बघून खूश झाल्या, बस म्हणाल्या, लोणचं पुढे केलं.

मी उभीच राहिले. "मांजरीला पिल्लं होणार आहेत," म्हटलं.

"होऊ देत की. घेतील कुणीतरी."

"तुम्ही म्हणाला होतात, ऑपरेशन झालंय."

"म्हटलं असेल." त्यांनी घास मोडला. "तसं म्हटलं नसतं तर तू ठेवली असतीस का? बिचारी कुठे गेली असती?"

"मी दोनदा विचारलं तुम्हाला. तुम्ही भावाचं नाव घेतलंत, कल्याण सांगितलंत."

"तू असं किती उगाळणार आहेस? मांजर आहे ती. कुणाला काय फरक पडतो?"

"मला पडतो. गाव हसतंय माझ्यावर. तिथं आधीच तुमची एक केस फेल गेलीय, ती बाई घरात तोंड लपवून बसलीय आणि शिव्या मी खाते."

यावर त्या चिडल्या. तोवर त्यांचा आवाज गोड होता, तो गेला. "ती केस फेल नाही गेली," त्या म्हणाल्या. "टाके व्यवस्थित आहेत. तिनं मला गाडीत सांगितलं होतं, पाळी चुकलीय म्हणून. अशा सगळ्या कुरबुरी ऐकत बसले असते तर त्या दिवशी शिबिरात माझी एकही बाई टेबलावर चढली नसती. अशक्त बायकांची चुकते पाळी. मी तिला म्हटलं, गप्प राहा, डॉक्टर परत पाठवतील, पुन्हा हेलपाटा पडेल."

आपण काय बोललो ते त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

ऑपरेशनांचं टार्गेट कागदावर बंद झालं होतं, तोंडी चालूच होतं. दर मीटिंगला आम्हाला उभं करून विचारायचे, तुमच्या किती झाल्या. ते दडपण मला माहीत होतं. म्हणून मला त्यांची दया यायला हवी होती, असं माझा नवरा नंतर म्हणाला. मला आली नाही.

"त्या घरात ते मूल परक्याचं ठरलंय," मी म्हटलं. "तुम्ही येऊन सासूला सांगा."

"मी का येऊ? तिथं आता तू आहेस." आणि मग हळू आवाजात, "आणि तूही बोलू नकोस. कोण म्हणेल मी असं बोलले? तुझ्यावरच शेकेल."

"शेकू दे," मी म्हटलं आणि निघाले. घरी गेल्यावर मुलीशी नीट बोलले नाही, त्याचं तिला वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी परतीची एसटी धरली. सासूबाई म्हणाल्या, सणाला तरी थांबायचं होतंस. पण नाशिकचा माणूस सणालाच येणार होता.

संध्याकाळच्या आत मी वरच्या आळीत पोहोचले. सासू ओट्यावर बसून वाल सोलत होती.

"मला तुमच्या सुनेचं पोट बघायचंय."

"मांजराचा बघा जाऊन."

"ते बघितलं, म्हणूनच आलेय. तुमचा मुलगा यायच्या आत बघू द्या. नंतर बघून उपयोग नाही."

ती माझ्याकडे टक लावून बघत बसली. मी हललेच नाही. शेवटी तिनं वालाची टोपली जरा बाजूला सारली, म्हणजे वाट मोकळी झाली. या म्हणून काही ती बोलली नाही.

सून आतल्या खोलीत होती. विशी ओलांडलेली, डोळ्यांखाली काळं. मी तिला आडवं व्हायला सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं आणि लुगडं सैल केलं. बेंबीपाशी ऑपरेशनची बारीक खूण होती, स्वच्छ भरलेली. मी पंजाची कड लावून गर्भाशयाचा वरचा काठ शोधला. तो त्या खुणेपाशीच, बेंबीला लागला. शिबिरानंतरचं मूल असतं तर काठ ओटीपोटातच असता. बाळ हलतं का, विचारलं. तिनं मान हलवली. केव्हापासून, विचारलं, तर तिनं पदर तोंडावर ओढला.

मी सासूला आत बोलावलं, तिचा हात धरून तिथे ठेवला. तिनं हिसडा दिला, मी पुन्हा ठेवला. "तुम्हालाही पोरं झालीत," मी म्हटलं. "इतकं वर पोट केव्हा येतं, सांगा. हे मूल शिबिराच्या आधीचं आहे. तुमचा मुलगा घरात असतानाचं."

"मंग डाक्तरानं कापला कसा?"

"त्यांना कुणी सांगितलंच नाही. सिस्टरना माहीत होतं. त्यांनी मला स्वतः सांगितलं."

मग भिंतीकडे तोंड करूनच सून बोलली. "मी सांगितला होता. गाडीत सांगितला होता. ती बोलली, गप रव्ह."

"नि माझ्याशी का नाय बोलली?" सासू ओरडली.

"तुमी ऐकला असता?"

सासूनं हात काढून घेतला. मला वाटलं, आता सुनेच्या पाठीवरून तरी हात फिरवेल. तिनं तसं केलं नाही. ती माझ्यावर उलटली. "तुमी सगळ्या एकच. एकीनं गप रव्ह सांगायचा, दुसरीनं येऊन पोट दाबायचा. जा आता."

मी गेले. अंगणातल्या चार बायांनी ऐकलं होतं, तेवढं पुरेसं होतं. दोन दिवसांनी नवरा आला. त्याच्या घरात काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. सून घरातच राहिली आणि शिमग्यानंतर पंपावर पाण्याला यायला लागली, एवढं मी बघितलं.

मी आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नवीन आहात इथे. झालं ते झालं." जुन्या सिस्टरचं काहीही वाकडं झालं नाही. मुरबाड-शहापूरच्या सगळ्या नर्सेसमध्ये मात्र पसरलं, की मी एका मांजरीवरून मोठ्या माणसाच्या तोंडाला लागले. मीटिंगमध्ये त्या समोर आल्या की मी जागा बदलायची. पुढे त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या निरोपाला मी गेले नाही.

मांजरीनं चैत्रात चार पिल्लं घातली, माझ्या तपासणीच्या खाटेखाली, धुतलेल्या चादरींवर. एक दगावलं. तिथं हात घालायला गेले तर तिनं बोट फोडलं. पिल्लं कुणी घेईना. विचारलं की बायका हसायच्या. शेवटी दोन खर्डीला स्टेशनाजवळच्या धान्याच्या दुकानदाराला दिली, एक माझी मुलगी घेऊन गेली. पिल्लं सुटल्यावर मांजरीला पिशवीत घालून कल्याणला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. माझ्या मैत्रिणीनं त्याचा पत्ता दिला होता. मांजर लोकलमध्ये अख्खी वाट किंचाळली, लोक मला नावं ठेवत होते. ऑपरेशन होईपर्यंत मी दारात उभी राहिले आणि झाल्यावर टाके स्वतः बघितले. डॉक्टर म्हणाला, विश्वास नाही का? मी म्हटलं, नाही.

वरच्या आळीतल्या त्या सुनेला श्रावणात मुलगी झाली. बाळंतपण माझ्याकडे केलं नाही, खर्डीला नेलं. मुलगी लशीच्या वयाची झाली तेव्हा आई तिला घेऊन आली, एकटीच. सासू नव्हती. मी लस दिली, वजन केलं, वजन चांगलं होतं. पोर रडून गप्प झालं तरी ती उठेना. पडवी रिकामी झाल्यावर तिनं विचारलं,

"आता माझा ऑपरेशन हाय का नाय?"

मला तो प्रश्न आधीच पडायला हवा होता, पण पडला नव्हता. नळ्या बांधल्या तेव्हा ती पोटुशी होती. त्या अवस्थेत नळ्या सुजलेल्या असतात, कधी नीट बांधल्या जातात, कधी नाही. आहे म्हणून सांगितलं असतं तर ती निश्चिंत होऊन उठून गेली असती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "शहापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. तोवर दुसरं काहीतरी वापर. मी देते. तुझ्याबरोबर शहापूरला पण येते."

"तुमाला नाय माहीत?"

"नाही."

तिनं पोरीला खांद्यावर घेतलं. "मंग तुमचा उपयोग काय?" असं म्हणाली, रागानं नाही, विचारल्यासारखं. मी गोळ्यांची पाकिटं तिच्या पुढ्यात ठेवली. ती घ्यावीत की नाही, असा विचार करत ती जरा वेळ उभी राहिली. मग उचलली, कनवटीला लावली आणि उन्हातून वरच्या आळीकडे चालू लागली.